मंगळवारी म्हातारा झालेला कॉम्प्युटर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोघा-तिघांनी विचारलं, "काय रे, लिहिणं सोडलंस का?" सोडलं नाही. हातात एक काम होतं आणि ते संपेपर्यंत इथे काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते काम परवा संपलं. त्याचीच ही गोष्ट. थोडी लांबेल, तेव्हा चहा घेऊनच बसा :)

तर प्रश्न असा, की कॉम्प्युटर म्हातारा कधी होतो?

बैलाचं वय दातांवरून कळतं. विहिरीवरचं इंजिन म्हातारं झालं की धूर जास्त सोडतं आणि तेल जास्त पितं. माणसाचं तर सांगायलाच नको, गुडघे आधी बोलतात! पण कॉम्प्युटरचं तसं नाही. तो सोमवारी तरणाबांड असतो आणि मंगळवारी म्हातारा. मध्ये काहीच घडत नाही, फक्त तारीख बदलते. ती तारीखही आपल्या घरी ठरत नाही, हजारो मैलांवर कुणीतरी ती आधीच ठरवून ठेवलेली असते.

विंडोज १० साठी ती तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. वार मंगळवार.

माझ्या मामांचं उमरग्याला दुकान आहे. घरच्या मंडळींना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. उमरगा म्हणजे सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं तालुक्याचं गाव, जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद). दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं असं सगळं निघतं. गेल्या काही वर्षांत त्यात ऑनलाइन फॉर्मची भर पडली. पीकविमा, फार्मर आयडी, केवायसी, सातबारा... जे जे म्हणून ऑनलाइन झालं, ते सगळं मामांच्या टेबलावर आलं.

गेल्या दिवाळीत (२०२५) उमरग्याला गेलो होतो. मामींनी सुशीला केली होती. प्लेट हातात घेऊन दुकानात गेलो, तर मामा पडद्याकडं बघत बसलेले.

"हे बघ की रे, काय म्हणायलंय हे?"

पडद्यावर विंडोजची सूचना होती. थोडक्यात मजकूर असा, की तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे आणि हा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही.

"बंद पडलंय का?" मी विचारलं.

"न्हाई. सकाळपासून पस्तीस फॉर्म भरलेत त्याच्यावर. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, पूजा केली. तवा चांगलं होतं. मंगळवारपर्यंत चांगलं होतं आणि बुधवारी म्हातारं झालं व्हय?"

मामांचा हा प्रश्न मला फार आवडला. कारण उत्तर खरंच 'हो' असं आहे.

त्यांचं मशीन २०१६ सालचं. सोलापूरहून सेकंडहॅण्ड आणलेलं, मध्ये एकदा हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली. त्यामुळे पळतं चांगलं. पण विंडोज ११ (हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं) बसवायला नुसतं पळून भागत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. पासवर्ड, किल्ल्या वगैरे गुपितं वेगळ्या कप्प्यात सांभाळणारी, बहुतेक वेळा छोटी चिपच. शिवाय प्रोसेसर ठरलेल्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे त्याआधी घेतलेली जवळजवळ सगळी मशीनं दाराबाहेर, मग ती कितीही ठणठणीत असोत.

कंपनीच्या बाजूनंही बघायला हवं. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. म्हणजे दहा वर्षं ते दुरुस्त्या पुरवत राहिले. घेतलेल्या वस्तूला दहा वर्षं घरपोच मोफत डागडुजी, हे काही कमी नाही. पुढे आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घरगुती वापराच्या मशीनांना फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोयही त्यांनी ठेवली. कंपनीचं खातं काढून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसेही लागत नव्हते.

मग अडचण काय? अडचण अशी, की विहिरीवरच्या इंजिनाचा एखादा पार्ट कंपनीनं बनवायचा थांबवला तर आपला मिस्त्री लेथवर तसाच पार्ट फिरवून देतो. विंडोजची दुरुस्ती कुठल्याच लेथवर निघत नाही. ती एकाच घरून येते. आणि ती यायची थांबली की मशीन बंद पडत नाही, ते उघडं पडतं. नव्या विंडोजमधलं भोक बुजवलं की चोरांना आपसूक कळतं, जुन्यात कुठं भोक असणार ते. जुन्यातलं बुजवायला मात्र कुणी येत नाही.

ही नुसती भीती नव्हे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तरी आपल्याकडची कितीतरी एटीएम त्यावरच चालत होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं, की ही जुनी विंडोज जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बदला. बँकांची ही गत, तर उमरग्यातल्या दुकानाची काय कथा!

या तारखांची एक गंमत सांगतो. ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या गावी झालं, १० ते १२ जानेवारी २०२०. विंडोज ७ चा सपोर्ट संपला १४ जानेवारी २०२० ला. संमेलनाच्या मांडवाचे बांबू उतरवणं चाललं असेल, तेव्हा जगभरातल्या कोट्यवधी मशीनांचाही मांडव उतरत होता. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. पुस्तकांच्या पिशव्या सावरत सगळे आपापल्या घरी पोचले होते.

"मग नवीन घ्या की मामा," असं म्हणणं सोपं होतं. म्हटलं नाही. सप्टेंबर २०२५ चा पाऊस आठवत असेल. परंडा, भूमकडं पुरानं गावं वेढली, आमच्या भागातही सोयाबीन शेतात उभ्या उभ्या सडलं. त्या काळात मामांच्या दुकानात रांग होती, पण ती नुकसानीच्या फॉर्मची. फॉर्मला मिळतात थोडे पैसे, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून मामा तेही घेत नाहीत. खरा पैसा लग्नपत्रिकांत. पण ज्या वर्षी पीक जातं त्या वर्षी लग्नं पुढं ढकलली जातात, आणि झालीच तर पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. अशा वर्षात 'अटींत बसणारं' मशीन घ्यायला तीस-पस्तीस हजार कुठून काढायचे?

आम्ही दोघांनी कागदावर पर्याय मांडले. लिनक्स टाकायचं का? सीडॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स २००७ मध्येच आणलंय, आणि जुन्या मशीनवर हलकी लिनक्स छान चालतात. घरच्या वापराला, वाचायला, लिहायला, बातम्या-व्हिडिओ बघायला उत्तम. पण मामांच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं, तेव्हा दुकानातल्या मशीनला ते जमेना. शेवटी ठरलं असं, की लग्नसराईत चार पैसे आले की वरच्या पिढीचं एक सेकंडहॅण्ड मशीन बघायचं. तोवर या मशीनवर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत आणि अनोळखी पेनड्राइव्ह लावायचे नाहीत. जुनं मशीन पुढे लिनक्स टाकून मामेबहिणीच्या मुलांना.

इथवरची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात घडली असेल. माझी खरी गोष्ट इथून पुढे आहे.

उठता उठता मामा म्हणाले, "ह्याचं एवढं काय न्हाई. कोपऱ्यातल्या त्याचं काय करायचं ते सांग."

कोपऱ्यात, लॅमिनेशनच्या मशीनमागं, कापडाखाली दुसरा एक कॉम्प्युटर होता. २००४ सालचा. एक्सपी. काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटर. त्याच्या मागच्या प्रिंटर पोर्टला एक छोटं लॉक लावलेलं. मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर त्या लॉकशिवाय चालायचंच नाही. असं पोर्ट नव्या मशीनला नसतं. म्हणून हे मशीन मामांनी कधी काढलं नाही. नेटला जोडलेलंही नाही. ज्याला जगाशी बोलायचंच नाही, त्याला जगाचे रोगही होत नाहीत.

आणि त्या मशीनमध्ये आजोबा होते.

म्हणजे असं, की २००५ च्या हिवाळ्यात आजोबांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि मामांनी त्या टाइप केल्या. भारनियमनाचे दिवस ते. रात्री वीज आली की आजोबा शाल पांघरून दुकानात येऊन बसायचे, सांगायचे आणि मामा बडवायचे कीबोर्ड. अडीच महिने हे चाललं. पेजमेकरमध्ये एकूण ६४ पानं झाली. पुस्तक काढायचं होतं, राहून गेलं. एक प्रिंट काढली होती, ती कुणीतरी वाचायला नेली आणि ती काही परत आली नाही. २००९ मध्ये आजोबा गेले. उरली ती फक्त ही फाइल, या मशीनवर.

आता ज्यांनी २००४-०५ च्या आसपास मराठीतून ब्लॉग लिहायला सुरुवात केली, त्यांना पुढचं लगेच कळेल. आठवतंय ना, एक्सपीत मराठी दिसावं म्हणून रीजनल सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग ते सीडी मागायचं, आणि सीडी नेमकी कुणाकडेतरी गेलेली असायची! मग बरहा आलं, गमभन आलं, मनोगतावर थेट मराठीत लिहिता येऊ लागलं. आपण युनिकोडवाले झालो. पण डीटीपीवाले त्या गावाला आलेच नाहीत. त्यांचं जग श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचं. आणि पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही.

फरक काय ते सोप्या भाषेत सांगतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' म्हणजे ०९१५, जगात कुठेही, कुठल्याही मशीनवर. (हा क्रमांक सोळाच्या पायावरचा, पण ते राहू द्या.) जुन्या फॉण्टांत तसं नव्हतं. तिथे कॉम्प्युटरच्या लेखी साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच, फॉण्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. मुखवटा काढला, की आत रोमन अक्षरं, टक्के, कंस, डॉलर यांची गिचमिड. आजोबांच्या ६४ पानांत खऱ्या अर्थानं मराठीचं एकही अक्षर नव्हतं. मराठी होती ती फक्त त्या मशीनच्या डोळ्यांत.

हे लक्षात आलं आणि मला २०२३ सालची एक गोष्ट आठवली. त्या वर्षी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातले निजामकाळचे दप्तर उघडले गेले. आरक्षणाचा विषय मोठा आहे, त्यात इथे शिरत नाही. मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. कागद होते, शाबूत होते, पण वाचणार कोण? निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, तर जुनी टिपणं मोडीत. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. आपल्याच पणजोबांचं नाव आपल्याच तालुक्याच्या कागदावर, आणि ते वाचायला बाहेरचा माणूस!

मोडीचा सपोर्ट कुणी एका मंगळवारी बंद केला नव्हता. छपाई बाळबोधीत गेली, शाळेतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत वाचणारे संपले. पण तिथं निदान कागद तरी समोर होता. शाई दिसत होती, शिकलात तर वाचता येत होतं. आजोबांच्या फाइलचं तसंही नव्हतं. मशीन गेलं असतं तर अक्षरच उरलं नसतं. मोडीला जे व्हायला दोन पिढ्या लागल्या, ते इथं वीस वर्षांत व्हायला आलं होतं.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही ते मशीन उघडलं. बटण दाबल्यावर बराच वेळ नुसता पंखा. मग काळा पडदा, आणि एक तक्रार. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला, त्यामुळे मशीनला तारीखवारच माहीत नव्हता. त्याच्या मते कुठलंसं एक जानेवारी होतं. मामा म्हणाले, "बरंय की. ह्याला म्हातारं झाल्याचं कळलंच न्हाई."

एक्सपीचं ते हिरवं माळरान पडद्यावर आलं तेव्हा मामी आतून बघायला आल्या. फाइल उघडली. पहिल्या पानावर आजोबांचं नाव, खाली 'उस्मानाबाद जिल्हा'. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढचं काम साधं पण किचकट. आधी अख्खी फाइल कागदावर छापून घेतली, कारण मशीनचा भरवसा नव्हता. मग त्यातला मजकूर बाहेर काढून पेनड्राइव्हवर घेतला आणि परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये नेला. आजोबांची मराठी परत आली खरी, पण लंगडत. जुन्या फॉण्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण दिसते ती आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर. परिवर्तकानं ती उचलून मागं न्यायची असते, आणि जोडाक्षर आलं की त्याचा गोंधळ उडतो. रफार तर कुठेही जाऊन बसतात. 'किल्ला', 'सूर्य', 'ज्यांनी' अशा शब्दांचं पार भजं झालेलं. म्हणून मग एकेक ओळ ताडून पाहायची. मामा छापील पानं घेऊन मोठ्यानं वाचणार आणि मी दुरुस्त करणार. सात पानं उमरग्यात झाली. बाकीची फोनवर, रोज रात्री जेवणं झाली की. वीस वर्षांपूर्वी आजोबा सांगत होते आणि मामा टाइप करत होते. आता मामा सांगत होते आणि मी टाइप करत होतो.

मध्येच मामांनी विचारलं, "उस्मानाबादच्या जागी धाराशिव करून टाकायचं का? एका झटक्यात होतंय म्हणं." होतं खरं. पण नाही केलं. आजोबा ज्या गावाचं नाव घेत होते, तेच नाव राहू दे. आपण फक्त अक्षर बदलायला बसलोय, शब्द नाही.

आता आत काय आहे ते सांगतो, कारण एवढा खटाटोप कशासाठी हे त्याशिवाय कळणार नाही.

आजोबांचं गाव नळदुर्ग-उमरगा रस्त्यावरचं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं आणि त्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल त्यांनी घेतला. पुढं हाच रस्ता धरून ते उमरग्याकडं निघाले. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे. रणगाडे रस्त्यानं जाताना त्यांनी रानातून बघितले. त्याआधीची रझाकारांची दहशत, रात्रीत बायका-पोरांना हद्दीपलीकडं बार्शीकडं पोचवणं, १७ सप्टेंबरचा आनंद, हे सगळं आम्ही लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. दर मुक्तिसंग्राम दिनाला ऐकलं होतं.

पण ३७व्या पानावर जे आहे, ते कधीच ऐकलं नव्हतं.

त्या पानावर त्यांचा एक मित्र आहे. गावातल्या पिंजाऱ्याचा मुलगा, त्यांच्याच वयाचा. दोघं मिळून शेळ्या राखायचे. सैन्य पुढं गेलं आणि मग आठ-दहा दिवसांत काय काय झालं ते आजोबांनी फार थोड्या शब्दांत सांगितलंय. रझाकारांचा सूड ज्यांच्यावर निघाला, त्यांतल्या बऱ्याच जणांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पिंजाऱ्याचं घर एका सकाळी उघडं दिसलं, आत कुणी नाही. त्यांची शेळी वाटेवर फिरत होती. पणजीनं ती आणून आमच्या गोठ्यात बांधली, 'येतील तेव्हा नेतील' म्हणाली. शेळी दोनदा व्याली. कुणी न्यायला आलं नाही.

एवढंच. पुढच्या परिच्छेदात शाळेची गोष्ट सुरू होते.

सरकारनं तेव्हा पंडित सुंदरलाल यांची समिती या प्रकारांची चौकशी करायला पाठवली होती. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिच्या अहवालात उस्मानाबादचं नाव आहे. हा अहवाल अनेक दशकं बंद कपाटात राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना बघायला मिळाला. मोठ्या इतिहासाची कपाटं अशी उशिरा का होईना उघडतात. पण शेळीची गोष्ट कुठल्या अहवालात असणार? ती एकाच ठिकाणी होती. एका कापडाखालच्या मशीनमध्ये.

फोनवर ते पान वाचताना मामा थांबले. म्हणाले, "हे टाइप करताना माझा हात थांबलेला. आण्णा म्हणाले, लिही. मी लिहिलं. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला न्हाई, मी पण न्हाई."

तर मंडळी, कॉम्प्युटर म्हातारा होतो त्याचं मला फारसं दुःख नाही. यंत्रंच ती, जायचीच. कंपन्या तारखा ठरवतात, त्याही आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात एवढंच आहे, की यंत्राच्या आत जे अडकून बसलंय ते यंत्राच्या आधी बाहेर काढायचं. आणि त्याला वेळेची एक वेगळीच मर्यादा आहे, जी कुठल्या कंपनीच्या संकेतस्थळावर सापडत नाही. जुनं मशीन चालू असायला हवं आणि ते चालवणारा माणूसही. आमच्याकडे दोन्ही होतं. फॉण्टचं नाव, लॉक कुठं लावायचं, फाइल कुठल्या फोल्डरात, हे सगळं मामांच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नाही.

तुमच्याही घरात असं काही असणार. एखाद्या आत्यानं टाइप करून घेतलेल्या कविता, बंद पडलेल्या दिवाळी अंकाच्या फाइली, सोसायटीचा पंचवीस वर्षांचा अहवाल, कुणाची कुलवृत्तान्ताची नोंद. मशीन भंगारात देण्याआधी एकदा चालू करून बघा. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, कुठल्या फॉण्टात आहे ते लिहून ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये आणा, आणि एक प्रत सरळ कागदावर काढा. कागदाला विंडोज लागत नाही! काही अडलं तर मला लिहा. वेलांट्या जागेवर बसवण्यात मी आता बऱ्यापैकी तरबेज झालोय.

घरच्या मंडळींसाठी : आजोबांच्या आठवणींची पीडीएफ या आठवड्यात सगळ्यांना पाठवतोय. मामांनी दहा प्रती स्पायरल करून ठेवल्यात, उमरग्याला जाणाऱ्यानं घेऊन याव्यात. आणि एक काम आहे. आजोबांनी त्या मित्राचं नाव कुठेच सांगितलेलं नाही, नुसतं 'पिंजाऱ्याचं पोरगं' म्हटलंय. आईच्या आत्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, त्याच घरात होत्या. त्यांना नाव आठवत असेल. सोलापूरला त्यांच्याकडे जो कोणी आधी जाईल त्यानं त्यांना ३७वं पान वाचून दाखवावं. ऐकू कमी येतं, जरा मोठ्यानं वाचा.